घंटीवाली डोंगर उतरली की नाही

आई,

आपली ती चिनी मालिका कशी संपते ते मला कळलं. नुसती बघून नाही कळलं, तिचं सगळं मराठी मीच केलं. गेलं जवळजवळ वर्षभर कानाला हेडफोन लावून तेच करत होते. शेवटचा भाग मागच्या महिन्यात गेला आणि तेव्हापासून तुला सांगायचं म्हणून कागद घेऊन बसते आणि काहीतरी निघतं की उठते. आज रविवार आहे. मुलगी मैत्रिणीकडे गेलीय, बाबा त्यांच्या खोलीत आहेत. बसल्यासारखी बसलेय तर लिहून टाकते. फार दमलेय गं. वाक्यं जुळवून जुळवून अशी गत झालीय, की स्वतःचं एखादं वाक्य लिहिलं तरी ते कुणाच्या तरी ओठांवर बसतंय का, हे आधी बघते.

तुला दुबईजवळच्या रोल्लातला आपला फ्लॅट आठवत असेल. तुला काय काय आठवत असेल याचा मी आता अंदाजच करायचा. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची, म्हणून तू टीव्ही असा लावला होतास की ओट्यापाशी उभं राहिलं तरी दारातून दिसेल. मी शाळेतून यायचे, दप्तर टाकायचे, तू मला वरणभात वाढायचीस आणि त्याच वेळी ती मालिका लागायची. बर्फाचा डोंगर, त्यावर तलवारबाजीचं गुरुकुल, लांब बाह्यांचे झगे घातलेली माणसं झाडांच्या शेंड्यांवरून धावतायत. बोलणं सगळं चिनी, खाली अरबी अक्षरं. आपल्या घरात दोन्हीतलं काही कुणाला येत नव्हतं. तरी तू ती पहिल्या दिवसापासून बघितलीस. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला ते उडणं आवडायचं. तुला काय आवडायचं ते मी कधी विचारलं नाही.

समोरच्या दारातली भाभी यायची, श्रीवर्धनकडची. हातात कधी निवडायची मेथी, कधी सुरमईच्या तुकड्यांचं ताट. ती तुला बाई म्हणायची, कारण तू गुहागरकडच्या शाळेत मास्तरीण होतीस हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मग आख्ख्या मजल्यावर तू बाईच झालीस. भाभीला कुराण वाचता यायचं, म्हणजे अक्षरं यायची. ती पडद्याखालची ओळ मोठ्यानं वाचायची, भराभरा, आणि अर्थ विचारला की हसायची. ‘‘अर्थ कुठला बाई, मी फक्त वाचते.’’ पण काही शब्द तिला लागायचे. सब्र, मौत, कल्ब म्हणजे काळीज, जबल म्हणजे डोंगर, समा म्हणजे आभाळ. तेवढे शब्द हाताशी घेऊन तुम्ही दोघी गोष्ट लावायचात. ती पोरगी दारात उभी आहे, म्हातारा गुरू काहीतरी सांगतोय आणि भाभी ओरडते, ‘‘सब्र! सब्र म्हटलं त्यानं!’’ तू लगेच, हातातली पळी तशीच धरून, ‘‘म्हणजे तिला थांबायला सांगतोय. तो खाली जाणार आणि ही दार राखणार.’’ आणि दुसऱ्या दिवशी तसंच व्हायचं. निदान आपल्याला तरी तसंच वाटायचं.

तिच्या तलवारीच्या मुठीला एक लहानशी पितळी घंटी बांधलेली होती. नाव कळायला मार्ग नव्हता, म्हणून तू तिला घंटीवाली म्हणायचीस. गुरुकुलातली सगळ्यात थोरली शिष्या. बाकीचे लढायला खाली गेले, कुणी फितूर झाले, कुणी मेले, आणि ही एकटी दाराशी उरली, बर्फ झाडत, कावडीनं पाणी आणत. तिला हसताना आपण कधी पाहिलं नाही. भाभी म्हणायची, ‘‘ही बाई जेवते कधी?’’ तुला तोच प्रश्न पडलेला असायचा, कारण तू गोष्ट सांगताना तिच्या जेवणाची सोय आधी करायचीस. कोठारात तांदूळ आहे, सुकी मासळी आहे, थंडीत काय लागतंय.

एक दिवस मी तुला टोकलं होतं. शाळेतली एक मुलगी म्हणाली की तिच्या वडिलांना अरबी येतं आणि गोष्ट अशी नाहीच मुळी. मी घरी येऊन ताटावर बसल्या बसल्या म्हटलं, ‘‘आई, तुला चिनी येत नाही. तू खोटं सांगतेस.’’ तू गॅस बंद केलास. ओट्याला टेकून उभी राहिलीस, आणि मला वाटलं आता धपाटा बसणार. पण तू वर्गातल्या आवाजात म्हणालीस, ‘‘खोटं नाही, अंदाज आहे. दोन्हींत फरक असतो. ज्याला खरं माहीत असतं आणि जो दुसरंच सांगतो तो खोटं बोलतो. मला माहीत नाही. मी बघते, ऐकते आणि सांगते. तुला ऐकायचं नसेल तर कान बंद कर आणि भात खा.’’ त्या दिवशी तू पुढचं काही सांगितलं नाहीस. भाभी आली तेव्हा तिलाही नाही. मी भात खाल्ला आणि आवाज बंद केल्यासारखी ती मालिका बघितली, आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही.

मग ती बंद पडली. एका दुपारी त्या वेळेला फुटबॉल लागला, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटबॉल, मग कुणी शेख टोपी घालून स्वयंपाक शिकवायला लागला. तू रोज त्या वेळेला टीव्ही लावायचीस आणि उभी राहायचीस. शेवटी भाभीच्या नवऱ्याला तू गाठलंस. तो बंदरावर कामाला होता, त्याचं अरबी चांगलं होतं. त्यानं टीव्हीच्या ऑफिसात फोन लावला. तू आणि भाभी त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या, मी सोफ्यावर. त्यानं फोन ठेवला आणि म्हणाला, ‘‘खलास म्हणतोय.’’

तू विचारलंस, ‘‘खलास म्हणजे संपली की बंद केली?’’

तो विचारात पडला. ‘‘त्यांच्यात दोन्हीला खलासच म्हणतात, बाई.’’

‘‘पण मग ती उतरली की नाही?’’

‘‘कोण?’’

भाभी हसून हसून खाली बसली. तू हसली नाहीस. मला ते लक्षात राहिलंय, कारण एरवी तू भाभीबरोबर हसायचीस.

त्यानंतर तू टीव्ही न लावताच गोष्ट पुढे चालू ठेवलीस. मी विचारायचे, ‘‘आज काय झालं?’’ आणि तू पोळ्या लाटता लाटता सांगायचीस. बर्फ थांबलाय पण वाट अजून उघडलेली नाही. खालच्या गावातून एक म्हातारा निरोप घेऊन वर येतो: पोरं तुझी वाट बघतायत, तू त्यांना तलवार शिकवायचीस, दुसरं कुणी शिकवत नाही, तू ये. ती म्हणते, उद्या. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ती त्याला चहा देते आणि म्हणते, उद्या. मला फार कंटाळा यायचा, आई. ना कुणी उडायचं ना लढायचं. मी म्हणायचे, ‘‘उतरत का नाही ती?’’ तू म्हणायचीस, ‘‘मग दार कोण सांभाळणार?’’ उन्हाळा वाढत गेला, आपला तो खिडकीतला एसी पाणी गाळायला लागला, शाळेला सुट्टी लागायची वेळ आली. आणि एका दुपारी मी विचारलं तर तू म्हणालीस, ‘‘संपली गोष्ट.’’

‘‘उतरली?’’

‘‘नाही. राहिली. तिथंच भाजी लावली तिनं.’’

मला वाटलं, तू पण कंटाळलीस. त्याच महिन्यात तू गॅलरीत तेलाच्या डब्यांत मेथी आणि अळू लावलंस आणि मजल्यावरच्या पोरांच्या शिकवण्या सुरू केल्यास. हे दोन्ही मला तेव्हा वेगवेगळं वाटलं होतं.

तुझ्यानंतरचं सगळं आता सांगत बसत नाही. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा तू गेलीस. मी पुढे इकडेच नोकरी धरली, लग्न केलं, ते टिकलं नाही, मुलगी माझ्याकडे आहे. तू असतीस तर तिची इंग्रजी उत्तरं तुला ऐकून घ्यावी लागली असती. अल नहदात राहतो आम्ही, दुबईच्या हद्दीला चिकटून, आणि बाबा माझ्याजवळ असतात. ऑफिस दुबईत, अल क्वोजला, गोदामांच्या रांगेत एक गोदाम आतून कापून स्टुडिओ केलाय. इकडून तिकडे जायला सकाळी जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तू आठ माणसांचा स्वयंपाक केला असतास. काम असं की परदेशी मालिका येतात, त्यांची इंग्रजी संहिता मिळते, त्यावरून हिंदी करायची, आणि आता एका ॲपला मराठीही हवं होतं म्हणून मराठी. नुसता अर्थ आणून भागत नाही. पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढंच वाक्य. आपली भाषा शेवटी ‘आहे’ लावते, आणि तोवर चिनी माणसानं तोंड मिटून तलवार उपसलेली असते.

गेल्या वर्षी ही मालिका आली तेव्हा मी ओळखली नाही. नवीन काढलेली आहे. सगळ्यांचे चेहरे तुळतुळीत, बर्फ कॉम्प्युटरचा, घोडेसुद्धा नाहून आल्यासारखे. मी मान खाली घालून करत होते. दुसऱ्या भागात थोरली शिष्या दार झाडताना दाखवलीय, ती तलवार भिंतीला टेकवून ठेवते आणि बारीकशी घंटी वाजते. मी तो तुकडा मागे नेला. पुन्हा ऐकला. आमच्याकडे एक चिनी बाई आहे, आम्ही केलेलं मूळ चिनीशी ताडून बघते, माझ्याच वयाची. तिला विचारलं, ‘‘ही गोष्ट याआधी कुणी केली होती का?’’ ती म्हणाली, ‘‘कितीदा तरी! जुनी कादंबरी आहे. पेपरात रोज थोडी थोडी यायची, पुढे पुस्तक झालं, माझे वडील फुटपाथवरच्या दुकानातून भाड्यानं आणून वाचायचे.’’ आणि तिनं फोनवर एक जुना तुकडा काढून दाखवला. रंग उडालेला, बर्फ कापसाचा, उडणाऱ्या माणसाच्या कमरेची तार सरळ दिसते. आणि तीच, आई. आपली घंटीवाली. तोच न हसणारा चेहरा. मी फोन तिच्या हातात दिला, पँट्रीत गेले, आणि कॉफीच्या मशीनसमोर बटण न दाबता उभी राहिले.

त्या बाईनं मला बरंच सांगितलं. अशा कादंबऱ्यांत एक शब्द सारखा येतो. शब्दशः त्याचा अर्थ नद्या आणि तळी. पण म्हणायचं असतं ते घर आणि राजदरबार दोन्हींच्या बाहेरचं जग. जिथं भटकी तलवारबाज माणसं राहतात, स्वतःचे नियम करतात, सख्खा भाऊ मागे सोडून परक्याला भाऊ मानतात, आणि परत जाऊ परत जाऊ म्हणत म्हातारी होतात. याला मराठीत काय म्हणायचं, यावर मी फार दिवस घालवले. ‘नद्या-तळी’ लिहिलं तर पाटबंधारे खात्याचं वाटायचं. एकदा जेवताना बाबांना विचारलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, घास गिळला, आणि म्हणाले, ‘‘गल्फ म्हण की.’’ ते काही लिहिता येत नव्हतं. मी ‘मुलूख’ लिहिलं. बसलं ते ओठांवर. पण त्यानंतर ज्या ज्या वेळी तो शब्द आला, मला बाबांचंच भाषांतर ऐकू यायचं.

आता शेवट. आधी जुन्याचा सांगते, आपण बघत होतो त्याचा. मी त्या बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘तू बघितला नाहीस? आमच्याकडे त्या दिवशी रस्त्यावर माणूस नव्हतं. ती दारातच मरते. सगळे परत येतात तेव्हा ती उभीच असते, बर्फात गोठलेली, हातात झाडू.’’ तिच्या आईनं म्हणे दोन दिवस स्वयंपाकात लक्ष घातलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आणि कादंबरीत?’’ तर कादंबरीत काहीच नाही. सगळे परत येतात, दार झाडलेलं असतं, ती नसते. एवढंच. लोकांनी पेपरवाल्याकडे पत्रांचा पाऊस पाडला तरी लेखकानं पुढे काही लिहिलं नाही, म्हणून जो तो मालिका काढतो तो आपापला शेवट लावतो.

मी त्या दिवशी गाडी पार्किंगमध्ये लावून तशीच बसून राहिले. मला त्या फुटबॉलचे आभार मानावेसे वाटले. त्या वर्षी, त्या स्वयंपाकघरात, हातात लाटणं घेऊन तू तिला झाडूसकट गोठलेली बघितली असतीस तर काय झालं असतं, मला माहीत नाही. अंदाजही करवत नाही.

नव्या मालिकेत मात्र ती उतरते. कुणाला न सांगता. तलवार गुरुकुलाच्या विहिरीत टाकते, झाडू दारामागे ठेवते आणि चालायला लागते. शेवटच्या भागात बरीच वर्षं उलटलीयत. एका नदीच्या तरीवर, होड्या लागतात तिथं, तिची खाणावळ आहे. केस पांढरे झालेत. पावसात भिजलेले चार तरुण तलवारबाज येतात, जेवायला बसतात, आणि त्यांच्यात वाद चालतो की डोंगरावर एक थोरली शिष्या होती, तिनं एकटीनं शंभर माणसं अडवली, ती तिथंच मेली, माझ्या गुरूनं तिची समाधी बघितलीय. ती भात घेऊन येते. त्यातला एक विचारतो, ‘‘आजी, तुम्ही ऐकलंय का तिच्याबद्दल?’’ चिनीत ती एवढंसंच काहीतरी म्हणते, तोंड जेमतेम उघडतं. मी तिथं ‘‘हो का?’’ लिहिलं. आणि ती त्याच्या पानात आणखी भात वाढते. संपलं. शेवटचं दृश्य होडीचं आहे, पण ते उगीच आहे.

तो भाग पाठवला त्याच आठवड्यात मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. चांगला माणूस आहे, वाईट बातमी देताना पाणी विचारतो. म्हणाला, पुढच्या मालिकेपासून भाषांतर मशीन करेल, आवाजही मशीनचे. माणूस हवा तो फक्त चेकिंगला. तुम्ही घ्याल? पगार अर्थात त्या हिशेबानं. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करण्यासारखं एकच होतं. बाबांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, आणि आईवडिलांना इथं ठेवायला पगार ठरावीक मर्यादेच्या वर लागतो. चेकिंगचा पगार त्याच्या खाली जातो. मी दुसरीकडे अर्ज केले. सगळीकडे हेच चाललंय, हबीबी, सगळीकडे हेच, असं एक जण मला अगदी मायेनं म्हणाला. घरी मी काही बोलले नाही.

मागच्या शनिवारी बाबांना शेवटचा भाग दाखवला. त्यांनी सगळी मालिका माझ्या मराठीत बघितली, आवाज एवढा मोठा करून की शेजारच्यांनाही कथा पाठ असेल. जेवणं झाली होती, मुलगी त्यांच्या पायाशी फोन घेऊन पडली होती. भात वाढण्याचं दृश्य आलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘आजोबा, दॅट्स इट? शी डझन्ट इव्हन फाइट?’’ बाबांनी तिला हातानं गप्प केलं. नावं वर सरकायला लागली तरी ते बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझी आई मला विचारायची, हिचं पुढं काय होईल. मी कधी दुपारी घरी असायचो? मी म्हणायचो, मला काय माहीत.’’

मी म्हटलं, ‘‘तुम्हाला कशाला विचारायची?’’

‘‘तिची रजा संपत आली होती ना तेव्हा.’’

‘‘कसली रजा?’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा कळलं की हे मला माहीत नाही हेच त्यांना माहीत नव्हतं. ‘‘शाळेची. ती राजीनामा देऊन कुठे आली होती? बिनपगारी रजा काढून आली होती. वाढवत वाढवत नेली. त्या जूनला हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली, असं कळवलं त्यांनी. मला म्हणाली, मुलीला घेऊन परत जाऊ का? आमच्याकडे दुरुस्तीसाठी प्लँटचं शटडाऊन चालू होतं, मी चार-चार दिवस झोपलो नव्हतो. मी म्हटलं, तुझं तू बघ. तर म्हणाली, ही मालिका संपू दे, मग सांगते. मला वाटलं, गंमत करतेय.’’

‘‘मग?’’

‘‘मग ती बंद पडली.’’

मुलीनं फोनमधून मान वर काढली. तिला मराठी कळतं सगळं, उत्तर तेवढं इंग्रजीत देते. मी उठून ताटं उचलायला लागले, कारण मला तो म्हातारा निरोप्या आठवला, रोज वर येणारा, आणि तू त्याला दिलेला चहा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, माझी आई नोकरी सोडून इकडे आली. तू सोडून आली नव्हतीस. इथं स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, उद्या उद्या करत सोडलीस, आणि मी तुला म्हणत होते की गोष्ट कंटाळवाणी झालीय.

ओट्यापाशी उभी राहून मी बाबांना नोकरीचं सांगितलं. त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं, सोपं गेलं. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, ‘‘काहीतरी करते. बघते.’’ बाबा टीव्ही बंद करून स्वयंपाकघराच्या दारात आले. ऐंशी पार झालेत ते, चौकटीला धरून उभे राहतात. म्हणाले, ‘‘तुझं तू बघ, असं मी परत कुणाला म्हणणार नाही. ऐक. तू ते चेकिंगचं काम घे. मी जातो गुहागरला.’’

‘‘तिकडे कोण आहे तुमचं करायला?’’

‘‘तुझा काका आहे भिंतीपलीकडे. बोलत नाही आम्ही, पण भांडायला तरी माणूस आहे. त्याची सून चांगलीय.’’

‘‘तुमची औषधं, ते डॉक्टर...’’

‘‘चिपळूणला डॉक्टर नाहीत का? पोरीची बारावी इथं आहे. तुझं सगळं इथं आहे. तू गुहागरला जाऊन काय करशील, मासळी सुकवशील?’’

मुलगी तोवर दारात येऊन उभी होती, डोळे भरलेले. ‘‘आजोबा, यू कान्ट जस्ट डिसाइड लाइक दॅट.’’

बाबा त्यांच्या प्लँटच्या इंग्रजीत म्हणाले, ‘‘आय कॅन. आय ॲम सीनियर.’’ आणि तिला हसू फुटलं, रडता रडता.

सोमवारी मी मॅनेजरला हो म्हणून सांगितलं. तो फार खूश झाला, त्यानं मला पुन्हा पाणी विचारलं. मुलीची परीक्षा झाली की मी बाबांना घेऊन जाणार, तिकडे थोडे दिवस राहून घर लावून देणार आणि परत येणार. काकाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘येऊ दे. पंपाची मोटर त्यालाच कळते.’’ बाबांनी बॅग काढून ठेवलीय आतापासूनच, रोज एक वस्तू घालतात आणि संध्याकाळी ती बाहेर काढतात. पहिली चेकिंगची फाईल आली. मशीननं कुणाला तरी ‘‘हे माझ्या आदरणीय ज्येष्ठ भगिनी’’ अशी हाक मारायला लावलंय. मी त्याचं ‘‘ताई’’ केलं. असं दिवसभर चालतं. वाईट नाही. त्रास असा काही नाही, फक्त संध्याकाळी हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसते तेव्हा वाटतं, यात आपलं काहीच खर्च होत नाही, आणि तरी एवढं दमायला कसं होतं.

बाबा आत्ता येऊन डोकावून गेले. ‘‘रविवारचं काय लिहितेस?’’ मी म्हटलं, ऑफिसचं. कागद त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून हे पूर्ण झालं की फाडून टाकणार आहे, मुलीला सापडला तर ती मोबाईलवर फोटो काढून त्याचं इंग्रजी करून वाचेल. ती आल्यावर चहा टाकायचाय.

एक सांगायचं राहिलं. ते त्यांना सांगता येणार नाही, मुलीला तर नाहीच. त्या शनिवारी बाबा दारात उभे राहून ‘मी जातो’ म्हणाले ना, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. औषधांच्या वेळा, त्यांचा टीव्ही, व्हिसाची तारीख, सगळं एकदम खांद्यावरून उतरलं. रडू नंतर आलं, आई. आणि तेही थोडंच.